बरी होणारी बाई

नाटक-सिनेमात क्षय झालेला माणूस हमखास मरतो. आधी खोकल्याची उबळ, मग तोंडाशी रुमाल, मग रुमालावर लाल डाग. तो डाग दिसला की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळतं, हिचं आता काही खरं नाही. मी सध्या जिचं स्वगत बसवते आहे तिलाही क्षय झालाय. तिच्याही थुंकीत एकदा रक्त पडतं. पण ती मरत नाही. सहा महिने गोळ्या खाते, बरी होते आणि शिलाई मशीनवर परत बसते. अठरा मिनिटांत घडतं ते एवढंच. मरण कसं रंगवायचं हे आम्हा नटांना आधीच्या पिढ्यांनी भरपूर शिकवून ठेवलंय. बरं होणं कसं रंगवायचं हे शोधायला गेलं तर हाताशी फारसं काही लागत नाही. म्हणून ही तयारी कशी चालली आहे ते सविस्तर सांगावंसं वाटलं.

मी सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ इथं केलं म्हणून आमच्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात, आणि ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन आमच्याकडे सणासारखा असतो. शेजारी मिरज. ते गाण्याचं, तंतुवाद्यांचं आणि दवाखान्यांचं गाव. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये तिथं इस्पितळ सुरू केलं, आणि आजही आजूबाजूच्या जिल्ह्यांतून, पार कर्नाटकातूनही माणसं मिरजेला ‘दाखवायला’ येतात. या दोन गावांच्या मधे वानलेसवाडी लागते. क्षयरोग्यांचं आरोग्यधाम तिथं होतं. माझी आजी त्या बाजूनं जाताना पदर नाकाला लावायची. आरोग्यधामांचा काळ सरून किती वर्षं झाली होती, तरी लावायची.

औषधं नव्हती तेव्हा आरोग्यधाम हाच उपचार होता. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध, अंडी आणि वाट बघणं. रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगाला दाखवला, पण जंतू सापडला म्हणून लगेच औषध सापडलं नाही. त्यासाठी साठ वर्षं जावी लागली. स्ट्रेप्टोमायसीन १९४३ मध्ये सापडलं, आयसोनायझिड १९५२ मध्ये वापरात आलं. त्यानंतर आपल्याच देशात, मद्रासला, एक मोठा प्रयोग झाला. १९५६ साली सुरू झालेल्या तिथल्या क्षयरोग केंद्रानं गोरगरीब रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवून औषध दिलं, दुसऱ्याला घरीच, दाटीवाटीच्या खोल्यांत, बेताच्या जेवणावर. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आले. घरी औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना लागण जास्त झाली नव्हती. मग जगभरची आरोग्यधामं हळूहळू ओस पडली.

हा सगळा इतिहास मी नटीच्या नजरेनं वाचला, आणि मला त्यात एक गोष्ट लख्ख दिसली. क्षयाचं नाटक व्हरांड्यातल्या खाटेवरून उठून स्वयंपाकघरात आलं. पूर्वी रोगी घरापासून लांब जायचा आणि घर त्याच्या पत्राची वाट बघायचं. आता तो चुलीपाशीच बसलेला असतो. सासू, नवरा, जाऊ, शेजारीण, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याला सहा महिने काढायचे असतात. आमचं स्वगत या सहा महिन्यांचं आहे.

ते ज्यांच्या बोलण्यातून उभं राहिलं त्यांना मी ताई म्हणते. मिरजेजवळच्या एका गावात त्या ब्लाउज शिवतात. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी, धाकटं मूल अंगावर पीत असताना, त्यांना खोकला लागला. एका खाजगी डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं, मग दुसरं दिलं, मग तिसरं. थुंकी तपासायचं कुणी बोललं नाही. रक्त पडलं तेव्हा घरच्यांनी मिरजेला आणलं, छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली आणि निदान झालं. ताईंनी सगळं सांगितलं ते एका अटीवर: नाव नको, गाव नको, आणि कुणी विचारलं तर ‘असंच ऐकलेलं’ म्हणून सांगायचं. आज त्या ठणठणीत आहेत, तरीही. धाकट्या नणंदेचं लग्न जमायचं होतं तेव्हा घरानं ही गोष्ट दाबून ठेवली, ती दाबलेलीच राहिली. स्वगतात मी मुलांची वयं बदलली, घराची दिशा बदलली, ओढ्याच्या जागी विहीर घातली. हे त्यांच्या घरात घडलंय असं एकही माणूस ओळखू शकणार नाही, इथवर बदल करत नेले आणि मग त्यांना वाचून दाखवलं.

तालीम घेणारे आमचे सर राज्य नाट्य स्पर्धेच्या वातावरणात वाढलेले. पहिल्या वाचनालाच त्यांनी बजावलं, “खोकायचं नाही. मी सांगेपर्यंत एकदाही नाही.” यामागे दोन कारणं आहेत. पहिलं अगदी व्यवहाराचं. खोकताना स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात. खऱ्या खोकल्यात त्याला इलाज नसतो. पण रोज तालमीत घशातून खोटा खोकला काढत राहिलं तर तंतूंना सूज येते आणि प्रयोगापर्यंत आवाज बसतो. खोकायचंच असेल तर तो पोटातून, हवेच्या झोतावर काढावा लागतो, घसा सैल ठेवून, आणि तोही मोजका. दुसरं कारण अभिनयाचं. आजारी माणूस चारचौघांत खोकत नाही, खोकला गिळतो. उबळ येते, तो ओठ मिटतो, छाती आतल्या आत दोन-तीनदा उसळते, डोळ्यांत पाणी येतं आणि तो बोलणं पुढं रेटतो. ताईंनी हेच सांगितलं होतं. भिशीला बायका जमल्या की त्या पाणी प्यायच्या निमित्तानं उठून आत जायच्या.

खोकला काढून घेतल्यावर माझ्या हातात राहिला श्वास. आणि सगळ्यात जास्त मेहनत तिथंच पडली. ताईंच्या छातीत पाणी झालं होतं. फुप्फुसाच्या आवरणात पाणी साठलं किंवा तिथं दाह झाला की खोल श्वास घेताना एका बाजूला सुरी खुपसल्यासारखी कळ येते. म्हणून माणूस श्वास अर्ध्यावर सोडून देतो. त्या बाजूला नकळत कलतो, कोपर बरगडीला टेकवून ठेवतो. आता अर्ध्या श्वासावर वाक्य कसं बोलणार? आपण निरोगी माणसं श्वास घेतो तो विरामचिन्हापाशी, अर्थ जिथं थांबतो तिथं. दम लागलेल्या माणसाला अर्थ पुरा होईपर्यंत थांबता येत नाही. जिथं हवा संपते तिथं त्याचं वाक्य तुटतं.

स्वगतातलं एक साधं वाक्य आहे: ‘सासूबाई म्हणाल्या, तुझं ताट तेवढं इकडं ठेव.’ मी ते सुरुवातीला ‘म्हणाल्या’पाशी थांबून बोलत होते. सरांनी संहितेवर पेन्सिलीनं उभ्या रेघा मारल्या. ‘सासूबाई म्हणाल्या तुझं’, रेघ. ‘ताट तेवढं इकडं’, रेघ. ‘ठेव.’ पहिल्या तुकड्यात सासूबाई आणि ‘तुझं’ एका दमात येतात, आणि पुढं काय येणार हे ऐकणाऱ्याला कळायच्या आत श्वास संपतो. मग ताट येतं. मग पुन्हा श्वास, आणि शेवटी एकटा ‘ठेव’ खाली पडतो. आवाज वाढवला नाही, हुंदका घातला नाही, नुसत्या रेघा हलवल्या आणि वाक्याचा जीव बदलला. मग पूर्ण संहितेवर अशा रेघा मारल्या. पहिल्या महिन्याच्या भागात त्या दाट आहेत, दर तीन-चार शब्दांना एक. पुढं पुढं विरळ होत जातात. शेवटच्या पानावर त्या पुन्हा विरामचिन्हांपाशी येऊन बसतात. प्रेक्षकाला हे कधी जाणवणार नाही, पण बाई बरी होते आहे हे त्याच्या कानाला कळेल, अशी माझी खात्री आहे.

तालमीच्या सुरुवातीच्या काळात सरांनी नाट्यशास्त्राचा सातवा अध्याय वाचायला लावला. भरतमुनींनी तेहेतीस व्यभिचारी भाव सांगितलेत, त्यांत व्याधी आहे. ग्लानी वेगळी, श्रम वेगळा, मरणही वेगळं. म्हणजे आजारपण ही मरणाची पायरी म्हणून नाही, स्वतंत्र भाव म्हणून रंगवायची गोष्ट आहे, हे दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी स्पष्ट दिसलं होतं. व्याधीत मुख्य ज्वर, आणि तो दोन प्रकारचा: थंडी वाजून येणारा आणि अंगाचा दाह करणारा. थंडीच्या तापात अंग कापतं, आक्रसतं, हनुवटी थरथरते, आणि त्या माणसाला विस्तवाजवळ जावंसं वाटतं. दाहाच्या तापात तो हातपाय टाकतो, अंगावरचं वस्त्र फेकतो, आणि त्याला जमिनीवर पडावंसं वाटतं, गार काही हवंसं वाटतं. मी हे पुन्हा पुन्हा वाचलं. नुसती लक्षणं दिली असती तर मी ती नकलेसारखी केली असती. पण भरतमुनी आजाऱ्याला काय हवंसं वाटतं तेही सांगतात, आणि नटाला खरं काम त्या हवंसं वाटण्यातच मिळतं.

क्षयाचा ताप बहुतेकदा संध्याकाळी चढतो, बारीक, आतल्या आत, आणि रात्री घाम फुटून अंथरूण ओलं होतं. मी ताईंना विचारलं, तेव्हा तुम्हाला काय करावंसं वाटायचं? त्या क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, “माठाच्या बुडाशी फरशी गार असती बघ. तितं पाठ टेकून पडावं वाटायचं. पर त्याच येळंला भाकरीचा टाइम की गं.” त्यांना भरताचं नावही माहीत नसेल. जमिनीची ओढ मात्र तीच. आता रंगमंचावर मी काय करते, तर भाकरी थापते. परातीपुढं बसते, पीठ मळते, थापते, तव्यावर टाकते, पाणी फिरवते. चुलीची धग तोंडावर. आणि उजवीकडं, हातभर अंतरावर, माठ. भाकऱ्या संपेपर्यंत मी माठाकडं बघायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. फक्त एकदा, भाकरी फुगायची वाट बघताना, डावा तळहात फरशीवर टेकवते आणि दोन श्वास तसाच ठेवते. तापाचा अभिनय तेवढाच.

आजारी नट आणि आजारी पात्र यांची गाठ फ्रान्समध्ये एकदा फार जीवघेणी पडली होती. मोलिएरनं स्वतःच लिहिलेल्या ‘काल्पनिक रोगी’ या प्रहसनात तो, काहीही झालेलं नसताना स्वतःला आजारी समजणाऱ्या माणसाची भूमिका करत होता. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी चौथा प्रयोग होता. मोलिएर स्वतः छातीच्या विकारानं खंगलेला. प्रयोगातच त्याला झटका आला, तो हसून त्यानं झाकला, नाटक पुरं केलं आणि त्याच रात्री घरी रक्ताची उलटी होऊन गेला. पुढं एकोणिसाव्या शतकात युरोपच्या रंगभूमीनं क्षयाला फार देखणं करून टाकलं. धाकट्या द्यूमाची मार्गारीत, तिच्यावरून व्हर्दीनं १८५३ मध्ये ऑपेरात आणलेली व्हायोलेटा, पुच्चिनीची १८९६ मधली मिमी, सगळ्या तरुण, सगळ्या सुंदर, आणि सगळ्या शेवटच्या अंकात खोकून मरणाऱ्या. आपल्या सिनेमातला रुमाल मला त्याच घराण्याचा वाटतो.

त्या काळच्या लेखकांना दोष देण्यात मात्र अर्थ नाही. त्यांनी पाहिलं ते लिहिलं. चेखव्ह स्वतः डॉक्टर, स्वतः क्षयाचा रोगी, १९०४ साली ४४व्या वर्षी गेला. आपले राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला क्षयानंच गेले, अवघ्या ३३व्या वर्षी. ‘एकच प्याला’ रंगमंचावर आलेलं त्यांनी पाहिलं नाही. गंधर्व नाटक मंडळीनं ते त्यांच्या मृत्यूनंतर केलं. मी कॉलेजात असताना त्यातल्या सिंधूचा प्रवेश केला होता. तेव्हा गडकऱ्यांच्या जाण्याची तारीख मला नुसती पाठ होती. आता मनात येतं की गडकऱ्यांना रिफाम्पिसिन हे एक क्षयाचं औषध मिळालं असतं तर आपल्या नाटकाचं काय झालं असतं. तेव्हा औषध नव्हतं, म्हणून नाटकात मरण होतं. आज औषध आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे, आणि आमची रंगभूमी अजून रुमालच फडकवते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. म्हणजे आमच्या नाट्यगृहातही असा कुणी बसलेला असणारच, ज्याचा ‘कोर्स’ चालू आहे आणि ज्यानं शेजारी बसलेल्या मेहुण्याला ते सांगितलेलं नाही. त्याला मी पुन्हा मरण दाखवायचं का?

औषधांची माहिती मला एका सरकारी दवाखान्यातल्या टीबीच्या आरोग्य कार्यकर्त्या बाईंनी दिली. बाह्यरुग्ण विभागात बसून रोग्यांचं निरीक्षण करायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. रांगेतल्या माणसाला बघायला कुणी नट येऊन बसलाय हे त्याच्या वाट्याला येऊ नये. मी बाईंच्या टेबलाशी बसून कार्ड कसं भरतात ते शिकले, गोळ्यांच्या पट्ट्या हाताळल्या. साध्या, औषधाला दाद देणाऱ्या क्षयाला सहा महिने उपचार. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. एकाच गोळीत ती एकत्र केलेली असतात आणि रोज किती गोळ्या घ्यायच्या ते वजनावर ठरतं. ताईंना तीन होत्या. आयसोनायझिडनं हातापायांना मुंग्या येऊ शकतात, म्हणून जोडीला ब जीवनसत्त्वाची गोळी देतात. पायराझिनामाइडनं सांधे धरतात. एथॅम्ब्युटॉलनं क्वचित नजरेवर परिणाम होतो, लाल आणि हिरवा रंग ओळखायला त्रास होतो. आणि रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी होते. घामही, डोळ्यांतलं पाणीही.

हे शेवटचं ताईंना कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, आता खालूनही रक्त जायला लागलं. त्या दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी आशाताई, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविका, आल्या आणि म्हणाल्या, अगं, औषध अंगात चाललंय त्याची खूण आहे ती. स्वगतात हा भाग जवळजवळ जसाच्या तसा आहे. रंगमंचावर बाईचे अश्रू म्हणजे नटीची पुंजी. माझी बाई पदरानं डोळे पुसते आणि पदर उलटून बघते, नारिंगी छटा दिसते का ते. तिला रडू कशाचं आलं होतं ते क्षणभर विसरून जाते. हा क्षण मला ताईंनी दिला. मी कितीही वर्षं खुर्चीत बसून कल्पना केली असती तरी मला तो सुचला नसता.

आता ताटाबद्दल. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. लग्नात आलेलं, बारशात आलेलं, कुणाच्या स्मरणार्थ वाटलेलं, सगळ्यांवर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. ताईंना वेगळं काढून दिलेलं ताट मात्र बिननावाचं होतं. बाजारातून नवं आणलं आणि त्यावर काही घातलं नाही. त्या घरातली एवढी एकच वस्तू कुणाची नव्हती, असं त्या म्हणाल्या. खरं तर क्षय ताटवाटीतून पसरत नाही. फुप्फुसाचा क्षय असलेला माणूस खोकतो, बोलतो तेव्हा हवेत जे बारीक तुषार जातात त्यांतून तो पसरतो. योग्य औषध सुरू झालं की थोड्याच आठवड्यांत हा धोका खूप कमी होतो. खिडकी उघडी ठेवणं, तोंडावर मास्क किंवा पदर, घरातल्या लहान मुलांची तपासणी, एवढं जरुरीचं. ताट वेगळं केल्यानं जंतू अडत नाही. फक्त बाई अडते.

पण सासूबाईंना मी खलनायिका केलेलं नाही. सरांशी माझा सगळ्यात मोठा वाद यावरच झाला. त्यांचं म्हणणं, स्वगताला एक विरोधी बळ हवं, सासू तयारच आहे. मी अडून बसले. कारण ताट ज्या सासूबाईंनी वेगळं केलं, त्यांनीच रोज सकाळी अंडं उकडून सुनेपुढं ठेवलं. स्वतः माळकरी असून ठेवलं. त्यांच्या थोरल्या बहिणीला त्यांनी क्षयानं जाताना पाहिलं होतं, औषधं हाताशी नसलेल्या काळात. त्यांचं भय त्या काळातलं होतं. अंडं आणि ताट दोन्ही एकाच हातातून येतं, हे दाखवता आलं तरच माझ्या प्रेक्षकांतल्या सासवा ऐकतील. खलनायिका केली तर त्या म्हणतील, आम्ही काही अशा नाही. सर शेवटी तयार झाले. अंड्याचं टरफल काढायची एक जागा संहितेत वाढली.

या उपचारातली खरी नाट्यमय जागा कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी रक्ताचं नाव घेणार नाही. ती जागा दुसऱ्या महिन्यात आहे. औषध लागू पडलं की दोन-तीन आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. ताईंना तर इतकी भूक लागली की रात्री उठून शिळी भाकरी खाल्ली. वजन वाढायला लागतं. आणि नेमकं इथंच कित्येक जण गोळ्या सोडतात. बरं वाटतंय, मग कशाला? पोटात जळजळ होते, मजुरी बुडते, दवाखान्यात दिसलो तर लोक विचारतात. पण आत जंतू शिल्लक असतात. औषध मधेच तुटलं तर रोग उलटतो, आणि उलटलेला रोग नेहमीच्या औषधांना जुमानेनासा होऊ शकतो. मग उपचार लांबतो, औषधं जड होतात. म्हणजे माझ्या बाईचा सगळ्यात मोठा शत्रू आहे तिला बरं वाटणं. हे रंगवायला मला फार आवडतं. आनंद खरा हवा, आणि प्रेक्षकाला त्याच आनंदाची भीती वाटली पाहिजे.

अठरा मिनिटांत वजन वाढलेलं कसं दाखवणार? त्याचं उत्तरही शिलाईतच मिळालं. आजारात ताईंनी स्वतःचे ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेतले होते, कारण सगळे अंगावर लोंबायला लागले होते. वजन परत आलं तसे ते दंडात रुतायला लागले. मग त्यांनी बसून टिपा उसवल्या. रंगमंचावर मी उसवणीनं एक टीप उसवते आणि दोऱ्याचे तुकडे परातीत टाकते. सरकारकडून पोषणासाठी खात्यात पैसे येतात त्याचा उल्लेखही इथंच येतो. ही योजना २०१८ मध्ये महिना ५०० रुपयांनी सुरू झाली, नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० झाली. ताईंच्या वेळी ५०० होते. त्यांतून शेंगदाणे, गूळ आणि अंडी आली, आणि एकदा मुलाची चप्पल. चपलेचं वाक्य सरांनी काढायला सांगितलं होतं, मी ठेवलंय. पोषणाचे पैसे आई मुलाच्या पायात घालते, हे नाटकात यायलाच हवं.

अजून न बसलेला तुकडा आहे पाचव्या महिन्याचा. त्यात काहीच घडत नाही. ताप नाही, खोकला नाही, ताटाचंही कुणाला आता काही वाटत नाही. नवरा आठवण करायचा बंद झालाय. आशाताई दर आठवड्याला यायच्या, त्या आता महिन्यानं येतात. ताई म्हणाल्या, सगळ्यात अवघड तोच महिना गेला, कारण तेव्हा सगळे विसरले आणि गोळ्या खायच्या तेवढ्या आपल्या आपणच राहिल्या. हे दोन मिनिटं रंगमंचावर कसं धरायचं? सरांना वाटतं, एक शब्द न बोलता करावं: पट्टी फोडायची, पाणी घ्यायचं, गिळायचं, पुन्हा दुसरा दिवस. मला वाटतं बोलावं, पण आजाराबद्दल चकार शब्द काढू नये. गिऱ्हाइकांबद्दल बोलावं, कुणाचा गळा खोल, कुणाच्या बाह्या तोकड्या, कुणाचे पैसे यायचेत. आणि बोलता बोलता गोळ्या घेऊन टाकाव्यात, प्रेक्षकाच्या ध्यानात येईल न येईल अशा. दोन्ही करून पाहणार आहोत. माझ्या पद्धतीत हाताला काम लागतं, म्हणून ताईंनी एक जुना ब्लाउज आणि हुकांची पुडी दिली आहे, आणि दोरा कसा फिरवायचा, गाठ कुठं घ्यायची तेही दाखवलंय. त्यांच्या हातानं दोन मिनिटांत तीन हुक बसतात. माझा सध्या एकच बसतो.